पत्रिकेवरची जाईवेल

मी जाईवेल बोलतेय. वेल म्हटलं म्हणून मला अंगणात शोधू नका. मला मुळं नाहीत, फुलं नाहीत. मी शिशाची. छापखान्यात ज्यांना खिळे म्हणतात, त्या धातूच्या अक्षरांचं मी एक वळण आहे. मला कागदावर पाहिलं की वाटावं, कुणीतरी निवांत बसून, टाक शाईत बुडवून, हातानेच लिहिलंय. ऐंशीच्या पुढेमागे तुमच्या आईचं लग्न जळगाव-धुळ्याकडे झालं असेल, तर तिच्या पत्रिकेवर कदाचित मीच असेन.

पुण्याच्या एका कारखान्यात मी ओतली गेले, पण माझं माहेर धुळं. तिथे आग्रा रोडवर जीवराम पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. म्हातारपणी शिडीवर चढणं जमेना, तेव्हा त्यांनी घरी बसून बोरूने मला कागदावर उतरवलं. माझी शिरोरेघ त्यांनी सरळ ठेवली नाही, वाऱ्याने हलल्यासारखी किंचित डोलती ठेवली. ‘ल’चा पाय वेलीच्या तणाव्यासारखा वळवला, अनुस्वाराला कळीचा आकार दिला. कारखान्याचा माणूस कागद न्यायला आला तेव्हा ते म्हणाले, “हे नटवं अक्षर आहे बाबा. हे मिरवायला वापरा. बातम्यांना, तक्रारींना वापरू नका. शोभायचं नाही.”

एक्क्याऐंशी साली मोतीलाल भाऊंनी मला विकत घेतलं. जळगावच्या जुन्या गावात त्यांचा एका खोलीचा छापखाना. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला टेकवलेल्या खिळ्यांच्या पेट्या, शाईचा आणि रॉकेलचा वास. मागच्या दाराला लागूनच घर. मला आणायला ते स्वतः पुण्याला गेले आणि येताना एसटीत अख्ख्या वाटेने मला मांडीवर घेऊन बसले. शिसं किती जड असतं हे उचललेल्यालाच कळतं. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी ताईबाई पिशवीकडे बघून म्हणाल्या, “एवढं काय सोनं आणलंत?”

“सोन्याने नाव लिहिता येत नाही,” मोतीलाल भाऊ म्हणाले.

त्यांनी माझ्यासाठी वेगळी पेटी केली. वर धुतलेला पंचा झाकायचे. लग्नपत्रिकेतसुद्धा सगळा मजकूर माझ्या वाट्याला नसायचा. कुलदैवत, मुहूर्त, मामालोकांची नावं साध्या खिळ्यांत जुळायची. मी फक्त दोन नावांपुरती. वराचं आणि वधूचं. आणि उत्तरकार्याच्या पत्रांना तर ते मला हातही लावत नसत. ती कामं सरळ, काळ्या, जाड अक्षरांची.

पत्रिका न्यायला बाप यायचे. नशिराबादचे, धरणगावचे, असोदा-भादलीचे. बहुतेक जण मुलाच्या नावावरून नुसती नजर फिरवत. मुलीच्या नावावरून मात्र बोट फिरवत. शाई ओली असेल हेही त्यांच्या ध्यानात नसे. मला तेव्हा त्याचं कारण कळत नव्हतं, पुढे कळलं. मुलाचं नाव पुढे कुठे कुठे छापलं जाई, दुकानाच्या बिलावर, निवडणुकीच्या पत्रकावर, मेल्यावर चौकातल्या फलकावर. कितीतरी पोरींचं नाव आयुष्यात एकदाच छापून यायचं, आणि ते माझ्यात.

पंच्याऐंशीच्या लग्नसराईत छगन आबा मुलाची पत्रिका छापायला आले. फैजपूरकडचे केळीवाले. तिकडे त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. मोतीलाल भाऊंकडे वर्षभर जे काम चाले त्यातलं निम्मं आबांच्या ओळखीतून येई. छापखान्याची खोलीसुद्धा आबांच्या मेहुण्याची होती. माणूस धिप्पाड, पण आवाज लोण्यासारखा. त्यांना मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

“आपल्या देविदासचं लग्न शे का ते?” शेजारच्या दुकानदाराने कौतुकाने विचारलं.

“हो भो. मोतीलाल, पत्रिका अशी पाहिजे की माणसाने जन्मात फाडू नये.”

नवरी धुळ्याकडची, साक्रीजवळच्या एका खेड्यातली. वडील नव्हते. आई आणि चुलते. मोतीलाल भाऊंनी माझ्या पेटीवरचा पंचा काढला आणि एकेक खिळा उचलून नाव जुळवलं. मंजुळा. ‘मं’वर कळी बसली, ‘जु’चा उकार वळून ‘ळा’च्या पायाशी गेला. इतकी सुरेख मी क्वचितच दिसले असेन. आबांनी पत्रिका लांब धरून पाहिली आणि मान डोलावली.

त्याला वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी आबांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. उत्तरकार्याचं पत्र छापायचं होतं. सौ. मंजुळा, अल्पशा आजाराने.

“आबांनी सांगितलंय, साध्यातलं छापा. फार नकोत,” तो म्हणाला.

मी माझ्या पेटीतून बघत होते. मोतीलाल भाऊ जाड काळे खिळे उचलत होते आणि मधेच थांबत होते. पोरगी विशीचीही नसेल. पण छापणाऱ्याने विचारायचं कुणाला? त्यांनी छापलं. माणूस पत्रं घेऊन गेला.

मग जेठ महिन्याच्या तोंडावर, लग्नसराई संपत आली असताना, छगन आबा स्वतः आले. हातात गेल्या वर्षीची पत्रिका. वधूच्या नावावर निळ्या पेनने एक रेघ मारलेली, आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं, मालती, नशिराबाद.

“बाकी सगळं तेच ठेव भो. देव तेच, मामा तेच. नवरीचं नाव-गाव आणि तारीख तेवढी बदल.”

मोतीलाल भाऊंनी पत्रिका घेतली. ती रेघ बघत राहिले. मग चाचरत म्हणाले, “आबा... त्या पहिल्या सुनबाईंना काय झालं होतं?”

आबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. “आजार. तूच छापलं होतंस ना? मग.”

मोतीलाल भाऊंनी पत्रिका पेटीशेजारी ठेवली.

मालतीचं नाव जुळवताना मोतीलाल भाऊंचा हात ‘म’च्या खणात गेला आणि तिथेच थबकला. मोठ्या आकाराचे ‘म’ दोनच होते, त्यातला एक घाटदार, म्हणून ते नावाच्या सुरुवातीला नेहमी तोच वापरत. मंजुळाच्या नावाला बसला होता, तोच मालतीच्या नावाला बसला. पहिली प्रत काढून त्यांनी ती वाळायला दोरीला टांगली.

ती अजून ओलीच होती तेव्हा भिकुबाई आल्या.

उन्हाची वेळ. दारात एक बाई उभी, नऊवारीचा पदर डोक्यावर, पायात धूळ. धुळ्याहून एसटीने आलेल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून कापडात गुंडाळलेली पत्रिका काढली.

“भाऊ, हाई पत्रिका तुम्हीच छापी का?”

“हो अक्का. बसा ना.”

त्या बसल्या नाहीत. “माले वाचता येत नही. पन हाई मन्ही मंजुळानं नाव शे, इतलं माले मालूम शे. रोज देखस मी.” त्यांनी नावावर बोट ठेवलं. बोट बरोबर जागी होतं. “ती बिमार नव्हती, भाऊ. तिले जाळी टाकं त्यास्नी. दिवाईले उनी तवय तिना हातवर डाग व्हतात. मी म्हनू, जाऊ नको. घरना मानसं म्हनेत, पोर सासरलेच शोभस.”

मोतीलाल भाऊंनी रस्त्याकडे पाहिलं.

“ठाण्यामा गयथू मी. तठे त्यास्नी लिखं, स्टो भडकना. मन्हं कोन्ही ऐकं नही. तू एक कर भाऊ. मन्ही पोरनं नाव परत छाप, ह्याच अक्षरमा. नि खाले लिख, तिले काय करं ते.”

बोलता बोलता त्यांची नजर दोरीकडे गेली. वाचता येत नव्हतं, पण वर्षभर रोज पाहून पाहून पत्रिकेवरची अक्षरं त्यांना माणसांच्या चेहऱ्यासारखी ओळखीची झाली होती. त्या दोरीजवळ गेल्या. आपल्या हातातली पत्रिका शेजारी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

“हाऊ तोच शे. हाऊ देविदासच शे.” मग बोट दुसऱ्या नावावर सरकलं आणि आवाज अगदी खाली गेला. “नि हाई? हाई कोनी पोर शे?”

मोतीलाल भाऊंनी सांगितलं नाही. म्हणाले, “अक्का, माझ्याकडून हे होणार नाही. मलाही घरदार आहे.”

भिकुबाईंनी वाद घातला नाही. पत्रिका पुन्हा कापडात गुंडाळली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. ताईबाईंनी त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली. आत येऊन त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “तिला माहीत आहे का हो?”

“कुणाला?”

“जिचं नाव तुम्ही दोरीला टांगलंय तिला.”

दुसऱ्या दिवशी आबा आले. पायरीवर बसलेल्या भिकुबाईंना ओलांडून आत आले, जणू पायरी रिकामीच होती. पत्रिका पाहिली, वाखाणली.

“त्या म्हातारीचं डोकं फिरलंय भो. लेकीच्या दुःखाने होतं तसं. काही मागत होती का?”

“नाही आबा.”

“बरं.” ते जायला निघाले आणि दारात वळले. “तुझी पारू केवढी झाली रे?”

“सातवीत आहे.”

“वाढतात पोरी. कळत नाही कधी वाढल्या ते. तिच्या पत्रिकेलाही हीच अक्षरं घेशील, नाही का?”

एक वाकडा शब्द नव्हता. हसून गेले. पण मोतीलाल भाऊंनी हातातली खिळे जुळवायची स्टिक तशीच ठेवली, चपला घातल्या आणि पारूच्या शाळेच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. शाळा सुटायला तेव्हा खूप अवकाश होता.

पत्रिका छापून झाल्या. आबांचा माणूस गठ्ठे घेऊन गेला. पायरीवर भिकुबाई होत्याच. एसटी स्टँडवर झोपायच्या, सकाळी येऊन बसायच्या. मोतीलाल भाऊ दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून त्यांनी माझ्या पेटीवरचा पंचा काढला.

ताईबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “करताय?”

“करतो.”

“मग पारूला मी मामाकडे पाठवते,” त्या म्हणाल्या आणि तिचे कपडे बांधायला आत गेल्या.

जीवराम पेंटरांचे शब्द मला तेव्हा आठवले. तक्रारींना वापरू नका. पण मोतीलाल भाऊंनी ‘म’ उचलला तेव्हा मला ते शोभण्या-न शोभण्याचं काही वाटलं नाही. मला भीती वाटली. त्यांच्या बोटांना घाम होता आणि खिळे निसटत होते. पत्रिकेचाच जाड कागद, तीच सोनेरी किनार. फक्त नाव माझ्यात, बाकी साध्यात. मजकूर एवढाच:

कै. सौ. मंजुळा. हिचा विवाह चि. देविदास यांच्याशी झाला. वर्षाच्या आत ती सासरी भाजून मेली. तिला आजार नव्हता. विचारायचे असल्यास तिची आई जिवंत आहे.

“चला अक्का,” मोतीलाल भाऊ पायरीवर येऊन म्हणाले. “नशिराबादला जाऊ.”

मी एकाच वेळी दोन ठिकाणी असते, शिशात आणि शाईत. म्हणून नशिराबादलाही मी होते. मालतीचे वडील सुपडू भाऊ यांच्या ओसरीवर पापड वाळत होते. कोनाड्यात माझ्याच अक्षरांच्या पत्रिकांचा गठ्ठा, वरच्या पत्रिकेला हळद-कुंकू लावलेलं. सुपडू भाऊंनी पाहुण्यांना आदराने बसवलं. मोतीलाल भाऊंनी नवी पत्रिका त्यांच्या हातात दिली.

वाचता वाचता त्यांचा चेहरा तांबडा झाला. “कोणी पाठवलं तुम्हाला? लग्न मोडायला आले का? बिजवर आहे हे माहीत आहे आम्हाला. तोंडावर कार्य आलंय माझ्या!”

“तिच्या उत्तरकार्याचं पत्र मीच छापलं होतं,” मोतीलाल भाऊ म्हणाले, “आणि या तिच्या आई.” मालती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा भिकुबाईंनी तांब्या घेतला नाही, तिचा हात धरला. बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात उलटासुलटा करून पाहिला, जसं कुणी कापड पाहतं.

“असाच व्हता तिना,” त्या म्हणाल्या.

मालतीने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने वडिलांकडून पत्रिका घेतली आणि वाचली. ती दहावी शिकलेली होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? कशाने गेली?”

“कावीळ.”

“काका, तुम्हाला छापायला काय सांगितलं?”

“अल्पसा आजार.”

“आणि आजी, तुम्हाला?”

“स्टो भडकना म्हनेत.”

पापडांवर चिमण्या बसल्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत. सुपडू भाऊ खाली बघत होते. मालतीने पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली.

सुपडू भाऊ तरीही संध्याकाळपर्यंत तोंड फिरवून बसले होते म्हणे. लोक काय म्हणतील, बहिणींना काय सांगू, सगळं त्यांनी बोलून पाहिलं. पण रात्री जेवायला बसले ते लेकीच्या हाताकडे बघत राहिले आणि घास खाली ठेवला. सकाळी त्यांनी निरोप धाडला. लग्न मोडलं.

आबा छापखान्यात आले ते तिसऱ्या प्रहरी, दोन माणसांना घेऊन. ओरडले नाहीत.

“कुठली रे ती अक्षरं?”

मोतीलाल भाऊ पेटीसमोर उभे राहिले. दोघांनी त्यांना धरून बाजूला केलं. नुसतं धरलं, मारलं नाही. आबांनी स्वतः पंचा उचलला, घडी करून बाजूला ठेवला, पेटी उचलून बाहेर नेली आणि समोरच्या उघड्या गटारीत उपडी केली. मग त्याच पंच्याला हात पुसले.

“महिनाअखेर खोली मोकळी कर,” ते म्हणाले. आवाज तसाच, लोण्यासारखा.

शिसं तरंगत नाही. मी अक्षर अक्षर बुडाले. ताईबाईंनी पदर खोचून पिठाच्या चाळणीने जेवढी काढता आली तेवढी मला काढली. गल्लीतले लोक दारांत उभे होते. एकही जण खाली वाकला नाही. त्यांनाही घरदार होतं.

मोतीलाल भाऊंनी मशीन विकलं नाही, तेवढं बरं. धुळ्याला भाड्याची खोली घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मी आता बिस्किटाच्या डब्यात राहते. माझा तो घाटदार ‘म’ सापडलाच नाही. ‘ळ’ वाकडा झालाय, उकार निम्मे गेले. माझ्याने एक नाव धड पुरं होत नाही. तीनेक वर्षांनी सुपडू भाऊ मुद्दाम धुळ्यापर्यंत आले. मालतीचं लग्न धरणगावला ठरलं होतं. मोतीलाल भाऊंनी तिचं नाव साध्या अक्षरांत छापलं. ते छान दिसत होतं, मी खोटं कशाला बोलू.

आता धुळ्यात संगणक आलेत. पोरं पडद्यावर नाव टाइप करतात आणि माझ्यासारखंच डोलतं वळण क्षणात उमटतं. त्याला वजन नाही, उचलायला नको. त्याला गटारीत टाकता येत नाही. त्याच्याने कुणाच्या बोटाला घामही येत नाही.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. लग्न मोडलं त्याच वर्षी, तुळशीचं लग्न लागल्यावर, देविदास पुन्हा बोहल्यावर चढला. तापीपलीकडे, लांब कुठेतरी. या वेळी आबांनी पत्रिका जळगावात छापली नाही. मोतीलाल भाऊंनी ओळखीच्या प्रत्येक छापखान्यात विचारलं, भुसावळपासून शिरपूरपर्यंत. काहींनी माहीत नाही म्हटलं. काहींनी माहीत असूनही म्हटलं असेल. कुठे तरी, कुठल्या तरी सुंदर वळणात, एका मुलीचं नाव छापलं गेलं, तिच्या बापाने त्यावरून बोट फिरवलं, आणि ती त्या घरात गेली. त्यानंतर तिकडून काही ऐकू आलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.

दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, की भिकुबाई छापखान्यात येतात. आता त्यांना काठी लागते. बसल्यावर पाणी पितात आणि विचारतात, “त्या तिसरीनं नाव मालूम पडनं का, भाऊ?”

मोतीलाल भाऊ मान हलवतात. मग त्या बिस्किटाचा डबा मागून घेतात. मला तळहातावर ओततात, एकेक खिळा बोटाने बाजूला करतात, डोळ्यांजवळ नेऊन बघतात.

“यास्मातलं तिनं अक्षर कोनतं व्हई?”

मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. तुमच्या कपाटात, कोनाड्यात, देवघरामागे जुन्या पत्रिका असतील. काढून बघा. नुसतं वळण बघून ठेवून देऊ नका, नावं वाचा. वर म्हणून देविदास असेल, वडील छगन असतील, तर खालचं नाव आम्हाला कळवा. ती तुमच्या गावची असेल, तुमच्या गल्लीतली असेल. आधी जाऊन तिला बघून या. मग कळवा. पण लवकर.